लाल शाई पारखताना

बाटलीकडे बघून लाल शाई ओळखता येत नाही. केशरीकडे झुकणारी असो, गुलाबी छटेची असो की गडद किरमिजी, बाटलीत ती जवळजवळ काळीच दिसते. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या दुकानात बाटली उजेडासमोर धरून रंग ठरवणारी मंडळी मी नेहमी बघतो. त्यापेक्षा दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगावं. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईचा पातळ थर लागलेला असतो आणि त्याचा रंग कागदावरच्या रंगाच्या बराच जवळ जातो. पण एवढ्यानं फक्त रंग कळतो. ती शाई किती वेळात वाळते, कागदावर फुटते का, निबवर खपली धरते का, आणि वर्षभरानं तिनं लिहिलेली ओळ वाचता येईल का, हे घरी आणून तपासल्याशिवाय समजत नाही. नागपुरात तर ते नक्कीच तपासावं. इथला मे महिना पारा पंचेचाळिसापुढे नेणारा आणि कोरडा, तर जुलै इतका दमट की वहीचं पान हाताला मऊ लागतं. दोन्ही ऋतूंत सारखी वागणारी लाल शाई मिळणं कठीण आहे.

आधी काम ठरवा. उत्तरपत्रिका किंवा वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना लवकर वाळणारी आणि स्वस्त कागदावर न फुटणारी शाई लागते. तपासलेली वही लगेच मिटून ढिगावर टाकायची असते, त्यामुळे छटा कितीही सुंदर असली तरी ओली राहणारी शाई त्यांच्या उपयोगाची नाही. मुद्रितं तपासणाऱ्याला बारीक निबमधूनही ठसठशीत दिसणारा रंग हवा, कारण त्याच्या खुणा समासात आणि ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसतात. हिशेब तपासणाऱ्याची टिकमार्क छापील आकड्यांवर उठून दिसली पाहिजे, पण तिनं आकडा झाकता कामा नये. डायरीत किंवा पत्रात शीर्षकापुरता लाल रंग वापरणाऱ्यानं मात्र छटेचा विचार सगळ्यात आधी करावा. शाई वाळायला वेळ लागला तरी त्याचं काही अडत नाही. एकच बाटली या चौघांनाही चांगली वाटेल असं नाही.

सुरुवात देशी शाईनं करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भावाच्या सोबतीनं १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. तेव्हा त्यांची खूण घोड्याची होती. पुढे फाउंटन पेनाच्या शाईसाठी उंट आला. तीच ही कॅम्लिन. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीनं तिच्यात मोठा हिस्सा घेतला, तरी उंटाची बाटली महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेजवळच्या दुकानात सापडते. स्वदेशीच्या काळात, १९३४ मध्ये, बंगालमध्ये सुरू झालेली सुलेखा मध्यंतरी बंद पडून पुन्हा बाजारात आली आहे. ब्रिल आहे, केरळची कृष्णा आहे. पेलिकन, डायमाइन, पायलट यांच्या लाल शाया ऑनलाइन मिळतात, पण देशी बाटलीच्या कितीतरी पट किमतीला. आधी स्वस्त बाटलीवर सगळ्या चाचण्या करून बघा. आपल्याला नेमकं काय खटकतं ते कळलं की मगच महाग बाटलीचा विचार करा. पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही.

खरेदी करताना एक काळजी घ्या, कारण यात चूक झाली तर पेन कायमचं जातं. बाटलीवर ती फाउंटन पेनाची शाई असल्याचं लिहिलेलं हवं. त्याच दुकानात, त्याच आकाराच्या बाटल्यांत जलरोधक ड्रॉइंग इंकही विकतात. ती वाळली की पाण्यात विरघळत नाही. पेनाच्या जिभेतल्या, म्हणजे निबखालच्या फीडमधल्या, केसाएवढ्या खाचा तिनं एकदा बुजल्या की उघडत नाहीत. स्टॅम्प पॅडची लाल शाई पॅडवर ओली राहावी म्हणूनच बनवलेली असते, त्यामुळे पेनातून कागदावर आली तरी ती वाळत नाही. पोस्टर कलर पातळ करून पेनात भरण्याचा प्रयोगही करू नये.

आता शाईच्या आतलं थोडं. पोथ्यांच्या काळात आपल्याकडे लाल रंगासाठी हिंगूळ वापरत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग, म्हणजे खनिज. त्याची पूड पाण्यात विरघळत नाही. डिंकाच्या पाण्यात ती तरंगत राहते. बोरूला ते चालायचं, फाउंटन पेनाला चालत नाही. फाउंटन पेनाच्या लाल शाईत बहुतेक वेळा पाण्यात पूर्ण विरघळणारी रंगद्रव्यं असतात आणि त्यांतलं एक जुनं, प्रसिद्ध नाव म्हणजे इओसिन. १८७० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख कारो यानं ते तयार केलं. हे द्रव्य तुमच्या ओळखीचं आहे. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात पेशींची काचपट्टी ज्या दोन रंगांनी रंगवतात त्यातला गुलाबी रंग इओसिनचा. लहानपणी खरचटलेल्या गुडघ्यावर लावायचं ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, तेही याच घराण्यातलं. रंग झगझगीत, पाण्यात सहज विरघळणारा, पेनातून सुरेख वाहणारा. पण उन्हासमोर अगदी दुबळा. व्हॅन गॉगनं १८९० मध्ये रंगवलेली गुलाबाची फुलं आज संग्रहालयांत पांढरी दिसतात, कारण त्यातला इओसिनचा गुलाबी रंग उडून गेला आहे.

आपल्या बाटलीत कोणतं द्रव्य आहे ते लेबलावर सहसा लिहिलेलं नसतं. पण घरच्या घरी अंदाज घेता येतो. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, काडीच्या टोकानं शाईचा एक थेंब सोडा, ढवळा आणि ग्लास उन्हात ठेवून बाजूनं बघा. गुलाबी पाण्याच्या कडेला पोपटी-पिवळी झाक चमकली तर शाईत इओसिनच्या जातीचं द्रव्य असण्याची दाट शक्यता आहे. दुसरी चाचणी टिपकागदाची. बोटभर रुंदीची पट्टी कापा, खालच्या टोकापासून थोडं वर शाईचा ठिपका द्या, तो वाळू द्या आणि पट्टीचं टोक पाण्यात असं बुडवा की ठिपका पाण्याच्या वर राहील. पाणी वर चढताना शाईतले रंग वेगळे होतात. एकाच रंगाचा पट्टा वर गेला तर शाई बहुधा एकाच द्रव्याची. गुलाबी पुढे आणि केशरी किंवा पिवळा मागे राहिला तर ती मिश्र आहे. मिश्र शाई उन्हात उडते तेव्हा तिच्यातले रंग वेगवेगळ्या गतीनं उडतात, म्हणून ती फिकी तर होतेच, शिवाय छटाही बदलते. मुलांना सोबत घेऊन करावी अशी ही चाचणी आहे.

पातळ केलेल्या शाईत लिंबाचे दोन-चार थेंब टाकूनही बघा, अर्थात वेगळ्या वाटीत. इओसिन असेल तर पाणी गढूळ, नारिंगी होतं आणि काही वेळानं तळाशी गाळ बसतो. आम्लात हे द्रव्य विरघळलेलं राहूच शकत नाही. ज्या पेनात काल निळी-काळी शाई होती त्यात आज तसंच लाल भरू नये असं जुने लोक सांगत, त्यामागचं एक कारण हेच आहे. पारंपरिक निळी-काळी शाई लोह आणि टॅनिन यांची, म्हणजे आम्लधर्मी असते. लिंबानं वाटीत जे होतं ते तिच्यामुळे पेनाच्या जिभेत होतं.

पेन भरायच्या आधी नुसती निब बुडवून लिहा. कामातून गेलेल्या पेनाची निब काडीला बांधली तरी पुरे. बुडवलेल्या निबवर शाई जास्त असते, त्यामुळे रंग खऱ्यापेक्षा गडद दिसतो. पहिल्या दोन ओळी सोडून तिसऱ्या-चौथ्या ओळीवरून मत बनवा. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं एक जाड फराटाही ओढा. त्यात शाईची सगळी खोली दिसते, आणि पुढे बारीक निबमधून ती किती फिकी पडते ते शेजारी ताडून बघता येतं. लाल रंग बारीक निबमधून फार लवकर गुलाबी वाटू लागतो. काळ्या-निळ्यात हा फरक एवढा जाणवत नाही. म्हणूनच एका निबवर पसंत पडलेली लाल शाई दुसऱ्या निबवर निराश करते, आणि दोष शाईला दिला जातो.

चाचणीसाठी इंग्रजी वाक्यं लिहू नका. आपली देवनागरी शाईची वेगळीच परीक्षा घेते. शिरोरेषा ही आडवी, लांब, न थांबता ओढलेली रेघ, आणि तिला बहुतेक अक्षरांची काना-दांडी येऊन मिळते. त्या जोडावर शाई दोनदा पडते आणि तिथेच ती साचते. चांगल्या शाईत तो जोड थोडा गडद दिसतो, लिखाणाला उठाव येतो. वाईट शाई तिथे फुटते आणि अक्षराचं डोकं जाडजूड होतं. ‘क्ष’, ‘ळ’, ‘थ’, ‘छ’ यांच्या गाठी मोकळ्या राहतात की बुजतात ते बघा. ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘ङ्म’ अशी जोडाक्षरं नेहमीच्या आकारात लिहा. अनुस्वाराचा ठिपका ठिपकाच राहिला पाहिजे; तो पसरून शिरोरेषेला चिकटला तर त्या कागदासाठी ती शाई बाद. आकडेही लिहा, कारण लाल शाईचं निम्मं आयुष्य गुण आणि बेरजा लिहिण्यात जातं. १ आणि ९, ५ आणि ६ घाईत लिहिले तरी वेगळे वाचता यायला हवेत.

कागद मात्र तोच घ्या ज्यावर पुढे लिहायचं आहे. महागड्या गुळगुळीत कागदावर कोणतीही शाई चांगलीच दिसते. लाँग बुक, फुलस्केप, झेरॉक्सचा कागद, शाळेची साधी वही असे चार तुकडे जमवा आणि एकच मजकूर सगळ्यांवर लिहा. नागपूरपासून फार दूर नसलेल्या बल्लारपूरच्या गिरणीत बांबूपासून बनलेला कागद विदर्भातल्या कचेऱ्यांत भरपूर वापरला गेला. जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं घरात असतील तर तीही बाहेर काढा. जुन्या कागदावर शाई वेगळीच वागते. कागदावर कारखान्यात खळीचा जो लेप असतो तो शाईला वर थोपवून धरतो. लेप कमी असला की शाई तंतूंमधून पसरते, म्हणजे आपण म्हणतो तशी ती फुटते, किंवा पान उलटलं की मागे उमटते. हातकागदावर लाल शाईनं लिहायचं असेल तर त्याच कागदाच्या कोपऱ्यावर आधी एक शब्द लिहून बघा.

इथे कूलरबद्दल सांगायलाच हवं. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी असते, पण आपण ज्या खोलीत बसून लिहितो तिथे ओल्या खसमधून आलेली हवा दिवसभर फिरत असते. त्या खोलीतला कागद पावसाळ्यातल्यासारखा ओलावा धरतो. मे महिन्यात शाई फुटते अशी तक्रार करणाऱ्यांनी वही एक दिवस कूलरपासून लांब, बंद कपाटात ठेवून पुन्हा लिहून बघावं. याच्या उलट, दुपारी पंख्याखाली कोरड्या खोलीत टोपण काढून पेन बाजूला ठेवलं तर निबवरची शाई पाहता पाहता सुकते. म्हणून ही चाचणी दोन्ही ठिकाणी करा: टोपण काढून पेन एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं ठेवा आणि दर वेळी एक रेघ ओढा. पाच मिनिटांनीही पहिल्याच फटक्यात रेघ उमटली तर ती शाई तपासणीच्या कामाला चांगली. वही तपासताना माणूस लिहितो कमी आणि वाचतो जास्त. तेवढा वेळ पेन उघडंच असतं.

वाळण्याची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते: पाच, दहा, वीस, तीस सेकंदांच्या अंतरानं रेघा ओढायच्या आणि लगेच सगळ्यांवरून बोट फिरवायचं. त्यात एक भर घाला. दुसऱ्या दिवशी त्याच रेघांवरून किंचित ओलसर बोट पुन्हा फिरवा. काही लाल शाया दिसायला वाळतात, पण घामानं पुन्हा सुटतात, आणि मग हाताची कड अख्ख्या पानावर गुलाबी पट्टा ओढत जाते.

शिक्षकांसाठी सगळ्यात महत्त्वाची चाचणी वेगळीच आहे. विद्यार्थ्यानं निळ्यानं लिहिलेलं असतं आणि त्यावरून आपलं लाल जातं. म्हणून बॉलपेन, जेलपेन आणि शाईचं पेन अशा तिन्हींनी निळ्या ओळी लिहा, त्या पूर्ण वाळू द्या, मग त्यांवरून लाल रेघ मारा. बॉलपेनावर बहुधा काही होत नाही. जेलवरून काही शाया घसरतात आणि रेघ तुटक येते. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या शाईवर लाल गेलं की निळा रंग सुटतो, रेघ जांभळी होते, आणि त्यातला थोडा निळा निबवाटे पेनातही ओढला जातो. अशा वह्या तपासताना अक्षरांवर गिरवू नका. खाली रेघ मारा, दुरुस्ती समासात लिहा. काही मुलांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांनाही समासातली दुरुस्ती रंगावाचून कळते.

उन्हाची चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. एका कागदावर पाच-सहा ओळी लिहा, शाईचं नाव आणि तारीख पेन्सिलनं टाका, अर्धा कागद जाड पुठ्ठ्यानं झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत चिकटवून ठेवा. एप्रिल-मे मधलं नागपूरचं ऊन असेल तर काही आठवड्यांतच पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी बघता येतात. काही शायांचा उघडा भाग इतका फिका पडलेला असतो की ओळ लागत नाही. शाईच्या गुणदोषांची एवढी स्वच्छ साक्ष दुसरी कोणतीच चाचणी देत नाही, म्हणून सगळ्यांनी निदान हीच चाचणी करावी असं मला मनापासून वाटतं.

एवढं झाल्यावर पेन भरा. पेन असं निवडा की ते लाल शाईलाच वाहून टाकता येईल. पारदर्शक पेनात लाल भरण्याचा मोह होतो, पण लाल रंग प्लास्टिकमध्ये मुरतो आणि नंतर कितीही धुतलं तरी गुलाबी झाक उरते. कन्व्हर्टरचं पेन नवशिक्याला सोयीचं, कारण डागाळला तर कन्व्हर्टर बदलता येतो. ड्रॉपरनं भरायची आपली जुनी देशी पेनंही उत्तम, फक्त त्यांना उन्हाळ्यात जपावं लागतं. सत्तावीस अंशांच्या खोलीतून पंचेचाळीस अंशांच्या रस्त्यावर गेलं की पेनातली हवा सुमारे सहा टक्के फुगते. टाकी अर्धी रिकामी असेल आणि आत दीड मिली हवा असेल, तर दोनेक थेंब शाई बाहेर ढकलली जाते, ती टोपणात आणि तिथून पांढऱ्या शर्टाच्या खिशात. तेव्हा बाहेर पडताना ड्रॉपरचं पेन भरलेलं ठेवा आणि निब वर करून ठेवा. दुपारी गाडीच्या डिकीत तर ते कधीच ठेवू नका. शर्टावर डाग पडलाच तर लगेच थंड पाण्याखाली धरा. आधी गरम पाणी वापरू नका आणि डाग निघेपर्यंत इस्त्री फिरवू नका.

धुण्याबद्दल थोडंसं. दुसरी शाई भरण्याआधी पेन साध्या पाण्यानं धुवा, मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकलेल्या पाण्यानं, मग पुन्हा साध्या पाण्यानं, टिपकागदावर गुलाबी उमटायचं थांबेपर्यंत. नागपूरला नळानं येणारं पेंच किंवा कन्हान नदीचं पाणी धुण्यापुरतं ठीक आहे. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं खळखळणं डिस्टिल्ड पाण्यानं करा, नाहीतर क्षार जिभेत बसतात. जी शाई निबवर खपली धरते तिचं पेन दोन आठवड्यांतून एकदा तरी धुवावं, आणि सुट्टीत गावाला जाताना ते रिकामं करून जावं. बाटली अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. पेन थेट बाटलीत बुडवण्यापेक्षा लागेल तेवढीच शाई छोट्या कुपीत काढून घ्या. पावसाळ्यानंतर बाटलीत तंतू तरंगताना दिसले किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. ती गाळून वापरू नका, टाकून द्या.

शेवटी, लाल शाई कुठे वापरायची नाही ते. सरकारी कचेरीत लाल आणि हिरव्या शाईवर वरिष्ठ अधिकाऱ्यांचा हक्क मानला जातो, म्हणून अर्ज-निवेदनं निळ्या-काळ्यातच द्या. चेक आता स्कॅन होऊन वटतात आणि रिझर्व्ह बँकेची सूचना अशी आहे की चेकवर प्रतिमेत नीट उमटणारी, कायम टिकणारी शाई वापरावी. लाल रंग स्कॅनिंगमध्ये गाळून टाकता येतो. उत्तरपत्रिकांचे काही छापील फॉर्म लालसर रंगात छापतात ते याच सोयीसाठी. त्यात आपली बहुतेक लाल शाई पाण्यानं जाते आणि उन्हानं उडते. करारावर, चेकवर, मृत्युपत्रावर, मुलांच्या जन्मवेळेच्या नोंदीवर आणि कोणत्याही सहीसाठी ती वापरू नका.